पी५३ ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या खाला फाइल घेऊन आल्या. आमच्या नया नगरच्या बिल्डिंगमध्ये मी ‘कॅन्सरवर पीएचडी करणारी’ म्हणून ओळखली जाते, त्यामुळे सोनोग्राफीपासून थायरॉइडपर्यंत सगळे कागद आधी माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं जातं. फाइल त्यांच्या धाकट्या बहिणीची होती, दापोलीकडच्या. गर्भाशयमुखाच्या बायोप्सीचा रिपोर्ट. शेवटच्या परिच्छेदात दोन ओळी होत्या: पी१६ सर्वत्र आणि गडद पॉझिटिव्ह, पी५३ वाइल्ड-टाइप नमुना.

खालांच्या मुलीने मोबाइलवर शोधून ठेवलं होतं. पी१६ म्हणजे ट्यूमर सप्रेसर प्रथिन. पी५३ म्हणजे पण ट्यूमर सप्रेसर प्रथिन. ट्यूमर सप्रेसर म्हणजे गाठ होऊ न देणारा. ‘मग तो गडद पॉझिटिव्ह आहे म्हणजे चांगलंच ना? शरीर लढतंय ना?’ खालांनी विचारलं.

मला उत्तर द्यायला वेळ लागला. उत्तर अवघड होतं म्हणून नाही. हाच तर्क, थोड्या भारी भाषेत, मी माझ्या टेबलावरच्या कितीतरी शोधनिबंधांत वाचला होता. आणि (हे कबूल करूनच टाकते) माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी स्वतः लिहिला होता. तर आजचा लेख त्या निबंधांबद्दल आहे. ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पी५३ची अभिव्यक्ती’ असं शीर्षक असलेला एक अख्खा प्रकार आपल्याकडे तयार झाला आहे आणि त्यातल्या बहुतेकांशी माझं भांडण आहे.

आधी मूळ गोष्ट. ती माहीत असेल त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडले तरी चालेल.

पी५३ १९७९ मध्ये सापडला आणि पुढची दहा वर्षं लोक त्याला चक्क कर्करोग घडवणारा समजत होते. १९८९ च्या सुमारास उलगडलं की लोक ज्याच्यावर प्रयोग करत होते तो बिघडलेला पी५३ होता. धडधाकट पी५३ पेशीला थांबवतो. डीएनएला इजा झाली की पेशीची विभागणी रोखतो, दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावतो. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत त्याच्या जनुकात उत्परिवर्तन सापडतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र गोष्ट वेगळी आहे. १९८३ मध्ये हॅराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने एचपीव्ही १६ शोधला, पुढच्या वर्षी १८. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या विषाणूची ई६ आणि ई७ नावाची दोन प्रथिनं सगळा उद्योग करतात. १९९० मध्ये दाखवलं गेलं की ई६ पी५३ला पकडतो आणि पेशीच्याच एका एन्झाइमकडून त्याच्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवून घेतो. चिठ्ठी लागलेलं प्रथिन पेशीच्या कचरायंत्रात जातं. म्हणजे जनुक ठीक, प्रथिन ठीक, पण रोज सकाळी कुणीतरी धडधाकट माणसाला उचलून घंटागाडीत टाकतंय. इथे उत्परिवर्तनाची गरजच उरत नाही.

ई७ दुसरीकडे आरबी नावाच्या प्रथिनाला निकामी करतो (हे १९८९ चं). आणि इथे पी१६ची गंमत येते. पी१६चं काम आरबीला कामावर ठेवणं. आरबी जागेवर असेल तर पी१६चं उत्पादन आटोक्यात राहतं. ई७ने आरबीला घालवलं की पेशी पी१६ बनवतच सुटते, पण त्याचा काही उपयोग होत नाही, कारण ज्याच्यामार्फत काम करायचं तोच नाही. मी खालांना रिक्षाचं उदाहरण दिलं: ड्रायव्हर जीव खाऊन ब्रेक दाबतोय, पण खालची वायर तुटलेली आहे. पाय जेवढा जोरात, तेवढी खात्री की वायर गेली. म्हणून पॅथॉलॉजिस्ट पी१६चा गडद पट्टा बघून सांगतात की हा विषाणूचा उद्योग दिसतो. तो ‘चांगला’ नाही. तो ओळखीचा पुरावा आहे.

खालांनी हे एका मिनिटात पकडलं. ‘म्हणजे गार्ड शिट्ट्या मारतोय आणि चोर आत आहे.’ माझ्या रिक्षापेक्षा हे बरं होतं.

आता पी५३. प्रयोगशाळेत तो बघायची रूढ पद्धत म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बोलताना आयएचसी. मेणात बसवलेल्या गाठीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घ्यायचा, बफरमध्ये गरम करायचा (आमच्याकडे यासाठी साधा प्रेशर कुकर आहे, शिट्टीसकट), अँटिबॉडी लावायची, रंग आणायचा. जिथे प्रथिन तिथे तपकिरी, बाकी पेशीकेंद्रकं निळी.

धडधाकट पी५३चं आयुष्य फार थोडं असतं, वीसेक मिनिटं. त्यामुळे निरोगी पेशींत तो कुठे फिका, कुठे जरा गडद, कुठे नाहीच असा विखुरलेला दिसतो. यालाच वाइल्ड-टाइप नमुना म्हणतात. उत्परिवर्तन झालेला पी५३ बऱ्याचदा मोडला जात नाही, साचत जातो, आणि मग जवळपास प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी दिसतं. काही उत्परिवर्तनांत प्रथिन तयारच होत नाही, तेव्हा गाठ पूर्ण कोरी दिसते आणि शेजारच्या निरोगी पेशींत मात्र थोडा रंग असतो. म्हणजे भरपूर रंग हीसुद्धा बिघाडाची खूण आणि अजिबात रंग नसणं हीसुद्धा. मधला फिका गोंधळ म्हणजे ठीकठाक. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे दोन शब्द या माहितीला पुरतच नाहीत.

आणि माझ्या टेबलावरचे निबंध नेमके त्याच दोन शब्दांवर उभे आहेत.

ठरलेला साचा असा. पन्नास-साठ केसेस. काही निरोगी, काही पूर्वकर्करोगी, बाकी कर्करोग. पी५३चा रंग. कुणी १० टक्के पेशी रंगल्या तर पॉझिटिव्ह म्हणतं, कुणी ५, कुणी ३०, कुणी रंगाची तीव्रता आणि टक्केवारी गुणून स्कोअर काढतं. मग तक्ता, काय-स्क्वेअर, पी-व्हॅल्यू, आणि निष्कर्ष: पी५३ची अभिव्यक्ती आजाराच्या श्रेणीबरोबर वाढते, सबब पी५३ हा उपयुक्त मार्कर आहे. चर्चेच्या भागात ई६चा परिच्छेद असतोच. ई६ पी५३ला नष्ट करतो, असं तिथे लिहिलेलं असतं. आणि दोन परिच्छेदांनंतर तोच पी५३ वाढल्याचा आनंद.

अहो, ई६ त्याला नष्ट करतो तर तो वाढला कसा? हा प्रश्न विचारायला कुणाला सुचत नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. तिथेच तर संशोधन सुरू व्हायला हवं होतं! शक्यता बऱ्याच आहेत. त्या गाठीत विषाणू नसेलच आणि पी५३मध्ये उत्परिवर्तन असेल. विषाणू असेल पण ई६ कमी बनत असेल. पेशी इतक्या ताणाखाली असतील की पी५३ जेवढा मोडला जातो त्याहून जास्त बनत असेल. किंवा कटऑफ इतका खाली असेल की वाइल्ड-टाइपचा नेहमीचा फिका रंगच ‘पॉझिटिव्ह’ म्हणून मोजला गेला असेल. शेवटची शक्यता मला सर्वांत जास्त छळते, कारण निबंधातल्या फोटोंत ती कित्येकदा डोळ्यांना दिसते.

या शक्यता वेगळ्या करायला काय लागतं? त्याच नमुन्यांत एचपीव्ही आहे का आणि कुठला, हे बघावं लागतं. ई६-ई७चा आरएनए बघता आला तर उत्तम. पी५३ काम करतोय का हे बघायला त्याच्या हाताखालचा पी२१ बघावा लागतो. शंका असलेल्या गाठींत जनुकाचं सीक्वेन्सिंग. यातली पहिली पायरीसुद्धा साच्यातल्या निबंधांत बऱ्याचदा नसते. विषाणूमुळे झालेल्या कर्करोगातल्या प्रथिनाचा अभ्यास, आणि विषाणू कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नाही. चोरीच्या पंचनाम्यात घराचा पत्ता नसावा तसं.

तसं पाहिलं तर हा प्रश्न तीस वर्षांपूर्वीच नीट विचारला गेला होता. १९९१ मध्ये शेफ्नर आणि हाउली यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशीवंशांची तुलना केली. हिला, सिहा, कास्की यांसारख्या विषाणू असलेल्या वंशांत पी५३चं जनुक शाबूत. सी-३३ए आणि एचटी-३ या विषाणू नसलेल्या दोन वंशांत मात्र उत्परिवर्तन. पी५३ला घालवायचे दोन रस्ते, आणि गाठ साधारण एकच रस्ता घेते. कसला सुंदर प्रयोग! २००० मध्ये गुडविन आणि डीमायो यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली: हिला पेशींत ई६-ई७ दाबले की पी५३ आणि आरबी दोघेही पुन्हा कामाला लागतात आणि पेशींची वाढ थांबते. हेन्रिएटा लॅक्सच्या शरीरातून १९५१ मध्ये काढलेल्या, जगभर अर्धशतक वाढत राहिलेल्या पेशी, आणि त्यांच्यातला पहारेकरी तोवर धडधाकटच होता, फक्त रोज उचलला जात होता. २०१७ मध्ये कॅन्सर जीनोम अॅटलसने १७८ गाठींचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही वारंवार बिघडणाऱ्या जनुकांच्या यादीत पी५३ नव्हता. इतर कर्करोगांत पहिल्या नंबरवर असणारं जनुक या यादीत नसणं हा मोठा निकाल आहे. आमच्या साच्यातले निबंध यांचे संदर्भ देतात, पण ते वाचून आपला प्रश्न बदलत नाहीत.

साच्याबद्दल एक बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर माझी टीका फुकटची होईल. हे निबंध बहुतेक वेळा एमडी पॅथॉलॉजीच्या प्रबंधातून येतात. हाताशी मेणाचे ठोकळे असतात, एक अँटिबॉडी विकत घेता येते, ओपीडी आणि ड्युटी सांभाळून ठरलेल्या मुदतीत काहीतरी सादर करायचं असतं. पीसीआरचं यंत्र दुसऱ्या विभागात, त्याची किल्ली तिसऱ्याकडे. मी ज्या लॅबमध्ये आधी काम केलं तिथे एका अँटिबॉडीच्या ऑर्डरसाठी आम्ही सात महिने थांबलो होतो. तेव्हा ‘एचपीव्ही टायपिंग का नाही केलं’ हे एसी खोलीतून विचारणं सोपं आहे. पण टायपिंग नसेल तर निष्कर्षही तेवढाच छोटा ठेवता येतो. ‘आम्ही विषाणू तपासलेला नाही, म्हणून या रंगाचा अर्थ सांगता येत नाही’ हे वाक्य लिहायला पैसे लागत नाहीत.

आणि हा आपल्याकडचाच रोग आहे असंही नाही. पी५३च्या ७२व्या जागेवर काही माणसांत आर्जिनिन असतं, काहींत प्रोलिन. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये स्टोरी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की ई६ आर्जिनिनवाल्या पी५३ला जास्त सहज मोडतो, आणि ज्यांच्या दोन्ही प्रती आर्जिनिनच्या आहेत त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सातपट. यंत्रणा देखणी, मासिक मोठं, रुग्णांचे नमुने मात्र काही डझन. मग जगभर धांदल उडाली. भारतातही झाली. कुणाला संबंध सापडला, कुणाला नाही, कुणाला उलटा सापडला. शेवटी २००९ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त ४९ अभ्यासांतला प्रत्येक व्यक्तीचा मूळ डेटा एकत्र करून पाहिला गेला. पद्धत नीट असलेले अभ्यास तेवढे ठेवले की संबंध नाहीसा झाला. अकरा वर्षं आणि किती पीसीआर ट्यूबा! मी एमएस्सीला असताना आम्हाला ती सातपटवाली गोष्ट शिकवली गेली. २००९चा निकाल कुणी सांगितला नाही. तो मला पीएचडीत स्वतः सापडला, आणि थोडा रागही आला.

आता मला खरं जे म्हणायचं आहे ते. ज्या १९९९ सालच्या आसपास लोक ७२व्या जागेचे अमिनो आम्ल मोजत होते, त्याच वर्षी ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) एक वेगळा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि लिऑनची आयएआरसी ही आंतरराष्ट्रीय संस्था यांचा. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाला एकदाच एचपीव्हीच्या डीएनएची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, चौथ्याला नेहमीची जी काही सेवा असेल ती. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये निकाल आला: चौथ्या गटात ३१,४८८ बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४,१२६ बायकांत ३४. आयुष्यात एकदा केलेली तपासणी, आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर.

या अभ्यासावर मोठी टीका झाली आणि ती मला पटते. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, आणि ज्या आजाराची तपासणी जगात अनेक दशकं चालू होती त्यासाठी असा गट ठेवावा का, हा प्रश्न ‘तिथे तशीही सेवा नव्हती’ या उत्तराने मिटत नाही. ६४ हा आकडा मी तक्त्यात पाहते तेव्हा मला तो तक्त्यातला वाटत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने केलेल्या व्हिनेगर तपासणीच्या अभ्यासावरही हाच आक्षेप आहे. तिथे साधारण दीड लाख बायका होत्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण मग त्या आकड्यांचं ऋण आपण कसं फेडलं? ते दोन्ही निकाल येऊन इतकी वर्षं झाली आणि माझ्या बिल्डिंगमधल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईची एकदाही तपासणी झालेली नाही. मुंबईला लागून असलेल्या शहरात, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. ग्लोबोकॅनच्या २०२०च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला ७७ हजारांवर बायका या आजाराने जातात.

धाराशिवचा अभ्यास पी५३बद्दल काही विचारत नाही. विषाणू आहे का, एवढंच विचारतो. ई६ने उचलून नेलेला पहारेकरी शोधत बसण्यापेक्षा चोर घरात आहे का ते बघणं, हे जीवशास्त्राच्या दृष्टीनेही जास्त शहाणपणाचं आहे, आणि ते शहाणपण १९९०च्या त्या ई६च्या प्रयोगांतूनच आलेलं आहे. म्हणजे पी५३चं संशोधन वाया गेलं असं मी म्हणत नाहीये. त्यानेच तर शिकवलं की इथे कारण विषाणू आहे. आता त्या शिकवणीनंतरही आपण विषाणू न बघता तपकिरी ठिपके मोजत असू, तर चूक आपली.

पी५३ आयएचसीला जागा नाही असंही नाही. २०२०च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणाने गर्भाशयमुखाच्या गाठी विषाणूशी निगडित आणि विषाणूविना अशा वेगळ्या केल्या आहेत. विषाणूविना गाठी थोड्या असतात, पण असतात, आणि तिथे पी१६ शांत नि पी५३ गडद दिसला तर पॅथॉलॉजिस्टला उपयोग होतो. म्हणजे दोन्ही एकत्र, नमुना बघून, प्रश्न ठरवून. खालांच्या बहिणीच्या रिपोर्टवर ज्यांनी सही केली होती त्यांनी हेच केलं होतं. टक्केवारी नाही, ‘पॉझिटिव्ह’ नाही, ‘वाइल्ड-टाइप नमुना’. कुणीतरी काचेकडे नीट बघितलं होतं. मी खालांना म्हटलं, रिपोर्ट चांगला लिहिलाय. नंतर लक्षात आलं की त्यांना हे ‘रिपोर्ट चांगला आलाय’ असं ऐकू गेलं असणार, आणि पुन्हा सगळं समजवावं लागलं. स्टेज आणि इलाज हे डॉक्टरच सांगतील, तारीख चुकवू नका, एवढंच मी सांगू शकत होते.

जाताना मी विचारलं, ‘खाला, तुमची तपासणी?’

‘हमारे में ये नहीं होता,’ त्या म्हणाल्या.

हे मी लहानपणापासून ऐकते. सुंतेमुळे बायकांना हा कर्करोग होत नाही, असा समज आमच्या वस्तीत पक्का आहे. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो इतका घट्ट बसलाय: सुंता झालेल्या पुरुषांत एचपीव्हीचं प्रमाण कमी असतं, असं २००२च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. कमी. शून्य नाही. मी त्यांच्या हातातल्या फाइलकडे फक्त बोट दाखवलं.

खाला काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘दुखतं का?’ मी म्हटलं, जरा अवघडल्यासारखं होतं, दोन मिनिटं. बाई डॉक्टर असते का? असते, आधी फोन करून विचारू. ‘मग तू येशील बरोबर?’ शनिवारी जायचं ठरलंय. खालांची मुलगी पण येणार आहे. ती चौदाची आहे आणि तिला लशीबद्दल विचारायचंय, तिच्या मोबाइलमध्ये त्याचीही यादी तयार आहे.